परक्या विमानतळावरून पुढे



या व्यासपीठावरून पंडितांनी बोलावे आणि आम्ही मागच्या सतरंजीवर बसून ऐकावे, हा आजवरचा शिरस्ता. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सारे या सतरंजीवर आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा चालकांचे बोलावणे आले त्या वेळी मला वाटले, यंत्रमागधंद्यावर किंवा कामगार कायद्यावर बोलावयाचे असेल. पण चिटणीस म्हणाले, "ते नेहमीचेच झाले. तुम्ही विलायतेला जाऊन आलात, त्या विमानतळातून बाहेर कसे पडलात ते सांगा. गावातली निम्मी म्हातारी माणसे हल्ली मुलानातवंडांकडे जातात, त्यांना उपयोग होईल." मी म्हटले, "बाहेर पडलो हे खरे, पण धडपणे पडलो नाही." ते म्हणाले, "मग तेच सांगा."

म्हणून तेच सांगतो.

२०२३ च्या जुलै महिन्यात मी इंग्लंडला गेलो तो टोलपडल नावाच्या एका खेड्यासाठी. डॉर्सेट परगण्यातले हे गाव. आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढे. १८३३ साली तिथल्या सहा शेतमजुरांनी आपली संघटना बांधली. आठवड्याची मजुरी सात शिलिंगांवर आली होती आणि ती सहावर आणण्याची भाषा चालू होती. संघटना करणे तेव्हा गुन्हा नव्हता; तेव्हा सरकारने आरमारातील बंडासाठी १७९७ साली केलेला गुप्त शपथेचा कायदा शोधून काढला आणि सहाही जणांना सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियात धाडले. देशभर चळवळ झाली आणि १८३६ साली त्यांना माफी मिळाली. त्यांच्या स्मरणार्थ दर जुलैत तिथे कामगारांचा मेळा भरतो. तिथल्या एका स्नेह्याने मला बोलावले, आमच्या लोकांनी वर्गणी करून तिकीट काढले, आणि जन्मात कोल्हापूर-मुंबईपलीकडे फारसा न गेलेला हा मनुष्य हीथ्रोच्या विमानतळावर उतरला.

हीथ्रो म्हणजे काय, हे आकड्यांनी सांगून समजणार नाही, तरी सांगतो. २०२३ या एका वर्षात तिथून ७ कोटी ९२ लाख उतारूंची ये-जा झाली. हे सारे ज्या जागेवर चालते तिथे पूर्वी हीथ्रो नावाचीच वस्ती होती. मळे होते, फळबागा होत्या. १९४४ साली ती वस्ती पाडली. १९४६ साली विमाने सुरू झाली तेव्हा इमारत नव्हती, लष्करी तंबूत खुर्च्या मांडून उतारूंना बसवीत. आज तिथे दोन, तीन, चार आणि पाच अशा चार इमारती आहेत. एक नंबर कुठे गेला म्हणून शोधू नका. तो २०१५ साली बंद केला. या इमारतींना टर्मिनल म्हणतात, आणि आपले विमान कोणत्या टर्मिनलला लागते हे घरून निघतानाच कागदावर लिहून घ्यावे. घ्यायला येणारा तीनला आणि आपण पाचला, असे झाले तर एका गावात असूनही भेट व्हायची नाही. दोन आणि तीन यांच्यामध्ये पायी जाता येते. चारला आणि पाचला आगगाडीने जावे लागते, आणि विमानतळाच्या आतल्या आत त्या गाडीला भाडे पडत नाही.

माझे वडील परळच्या गिरणीत साचे चालवीत. १९८२ च्या संपात ती नोकरी गेली आणि आम्ही गावी परतलो, तो भाग निराळा. पण ते मला गिरणी समजावून सांगत. कापसाची गासडी फाटकातून आत आली की ती कुणाला वाट विचारीत नाही. ब्लोरूममध्ये तिला पिंजतात, कार्डिंगमध्ये विंचरतात, त्रासनखात्यात सूत होते, साचेखात्यात कापड होते आणि शेवटी फोल्डिंगला घडी बसते. एक खाते चुकवून पुढच्यात जाता येत नाही, आणि मागे फिरता येत नाही. परक्या विमानतळावर उतरणारा उतारू म्हणजे अशी एक गासडी आहे. त्याला चारच खाती लागतात: पासपोर्ट, सामान, जकात आणि बाहेरचा दरवाजा. एवढे डोक्यात असले की ती अफाट इमारत निम्म्याने लहान होते. हे ज्ञान मला विमानात होते काय? नव्हते. ते मला बाहेर पडल्यावर झाले.

विमानात माझ्या शेजारी सांगलीकडच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. लेकीकडे निघाल्या होत्या. त्यांना आपण बाई म्हणू. चाळीस वर्षे वर्गात उभे राहून शिकवलेल्या. रात्री सारे विमान झोपले असता दोनदा उठून या टोकापासून त्या टोकापर्यंत शतपावली करून आल्या. आणि विमान उतरल्यावर पाहतो तो दाराशी चाकांच्या खुर्च्यांची रांग, आणि त्यातल्या एका खुर्चीवर बाईंचे नाव. मी चकित होऊन पाहिले. बाई पदर सावरीत, खाली मान घालून म्हणाल्या, "पाय चालत नाहीत असे नव्हे हो. इंग्रजी चालत नाही. लेकीने परस्पर लिहून टाकले." आणि त्या बसल्या. खुर्ची ढकलणाऱ्या मुलाने त्यांची पिशवी मांडीवर ठेवली आणि ते निघून गेले.

मला, खरे सांगतो, त्या वेळी थोडा गर्व झाला. आपण चालत जाऊ, विचारीत जाऊ, असे मी मनाशी म्हटले. अर्ध्या तासाने बाई लेकीच्या मोटारीत बसल्या असतील. मी त्या वेळी भलत्याच खात्यात उभा होतो.

त्याचे असे झाले. तिथल्या पाट्या पिवळ्या रंगाच्या, त्यावर काळी अक्षरे, आणि बाण. पहिली चूक बाणाची. बाण वर तोंड करून होता, म्हणून मी वर जाण्याचा जिना शोधू लागलो. वर दाखवणारा बाण म्हणजे सरळ पुढे जा, हे मला कुणी सांगितले नव्हते. दुसरी चूक त्याहून मोठी. मी इंग्रजी शिकलो ते कामगार कायद्याच्या पुस्तकांतून. त्यामुळे मला 'रिट्रेंचमेंट' हा शब्द येतो, 'ग्रॅच्युइटी' येतो. पण पाटीवर 'बॅगेज रिक्लेम' असे वाचल्यावर मी म्हटले, हे सामान हरवलेल्यांचे दावे दाखल करण्याचे कार्यालय असणार. माझी पेटी अजून हरवली नव्हती, मग मी दावा कशाला करू? दुसऱ्या पाटीवर 'फ्लाइट कनेक्शन्स' असे होते. मला तर पुढे बस पकडून जावयाचे होते; तेव्हा जोडगाडीची वाट ती हीच, असे ठरवून मी तिकडे चालू लागलो. दोन नंबरच्या टर्मिनलची विमाने एका वेगळ्या इमारतीलाही लागतात. तिथून जमिनीखालून लांबच लांब बोगदा आहे, सरकते जिने आहेत, सरकते पट्टे आहेत. एवढे चालून गेल्यावर एका पोरसवद्या कामगाराने माझ्या हातातला कागद पाहिला, हसला नाही, आणि मला परत वळवून योग्य वाटेला लावून दिले.

तेव्हा हे दोन शब्द लक्षात ठेवा. 'रिक्लेम' म्हणजे आपले सामान परत घेण्याची जागा. ज्याला त्याच गावी उतरावयाचे आहे त्याने तिकडे जावे. 'कनेक्शन' म्हणजे ज्याला दुसरे विमान धरावयाचे आहे त्याची वाट. दुसरे विमान धरणाऱ्याने आणखी एक करावे. मुंबईला सामान देताना पेटीला जी चिठ्ठी बांधतात तिच्यावर शेवटच्या गावाचे नाव आहे की मधल्या, ते तिथेच वाचून घ्यावे. आणि भारताच्या पासपोर्टवर लंडनला नुसते विमान बदलावयाचे असले तरी पुष्कळदा वेगळा परवाना लागतो. त्याची चौकशी तिकीट काढण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे.

पासपोर्टच्या रांगेत गोऱ्या देशांतले पुष्कळ लोक यंत्राच्या फाटकातून झटकन जातात, आपण अधिकाऱ्यासमोर उभे राहतो. याचा राग येतो, मलाही आला. पण रांगेत रागाचा उपयोग नसतो. अधिकारी विचारतो ते प्रश्न ठरलेले: कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार, खर्च कोणाचा, परत केव्हा. मी या पाच प्रश्नांची इंग्रजी उत्तरे देवनागरीत एका पोस्टकार्डावर लिहून पाठ केली होती. आमंत्रणाचे पत्र आणि परतीचे तिकीट छापून हातात ठेवले होते. फोनमध्ये नव्हे, कागदावर. का, ते पुढे कळेल. पूर्वी विमानात एक लहानसे कार्ड भरून द्यावे लागे. ते २०१९ साली बंद झाले. आपल्याकडचे जुने जाणते अजूनही ते भरण्याविषयी सांगतात, त्यांचे ऐकून घाबरू नये.

सामानखात्यात भिंतीवर फलक असतो, त्यावर आपल्या विमानापुढे पट्ट्याचा आकडा येतो. तिथे उभे असताना सगळे पट्ट्याकडे पाहतात. मी पट्ट्याच्या तोंडाकडे पाहत होतो, पलीकडे माणसे असतात म्हणून. लहान विमानांच्या पोटात उभे राहण्याएवढी उंची नसते. तिथला कामगार गुडघ्यांवर बसून एकेक पेटी रचतो आणि काढतो. ही माणसे बिघडली तर काय होते याचे उदाहरण हीथ्रोनेच घालून दिले आहे. २००८ च्या मार्च महिन्यात पाच नंबरचे टर्मिनल उघडले. यंत्रे नवी, इमारत भव्य. पण ती यंत्रणा कामगारांना पुरेशी शिकवली नव्हती. पहिल्या दिवशी कामगारांनाच गाड्या लावण्याची जागा सापडेना, आपापल्या खात्यापर्यंत वाट सापडेना. शेकडो विमाने रद्द झाली, हजारो पेट्यांचे ढीग पडले. तेव्हा परक्या विमानतळावर वाट चुकणारा तुम्ही-आम्हीच असतो असे नव्हे.

जकातीच्या दाराशी हिरवी वाट आणि तांबडी वाट असते. सांगण्यासारखे काही नसेल तर हिरवी. परंतु आपल्याला पेढा सांगण्यासारखा वाटत नाही, आणि त्यांचा कायदा तर आपल्यासारख्या देशांतून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणूच देत नाही. तुपाचा डबा, बर्फी, कंदी पेढे सारे त्यात आले. मला मंडळींनी दोन किलो पेढे दिले होते. नियम वाचनालयात वाचला होता, म्हणून ते मुंबईच्या विमानतळावरच हमालांत वाटून टाकले. लाडू न्यायचेच असतील तर तेलातले न्या.

आणि मग तो दरवाजा उघडतो. इथे उतारूला वाटते, संपले. खरे पाहता इथेच सुरू होते. विमान कंपनीने तुम्हाला हीथ्रोपर्यंत आणून सोडले. तुमचे काम हीथ्रोत नाही.

ज्यांना लंडन शहरात जावयाचे आहे त्यांना तीन आगगाड्या आहेत. भुयारी पिकॅडिली लाइन ही १९७७ पासून मध्यवर्ती टर्मिनलांपर्यंत येते. ती सावकाश आणि स्वस्त. १९९८ पासूनची हीथ्रो एक्सप्रेस पॅडिंग्टनला पाव तासात नेते, आणि त्या पाव तासाचे पैसे घेते. दोहोंच्या मधली एलिझाबेथ लाइन २०२२ ची. तिन्ही एकाच जमिनीखालून निघतात, आणि जो फलक अधिक चकचकीत असतो तिकडे आपले पाय वळतात. तेव्हा नाव वाचून मगच आत शिरावे. लंडनच्या तांबड्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

मला लंडनला जावयाचेच नव्हते. डॉर्चेस्टरची गाडी लंडनच्या वॉटर्लू स्टेशनाहून सुटते, पण ती वाटेत वोकिंगला थांबते. आणि वोकिंगला हीथ्रोहून थेट बस आहे. दोन आणि तीन नंबरच्या टर्मिनलांमध्ये मध्यवर्ती बसस्थानक आहे, तिथून ती निघते. म्हणजे शहरात शिरून पेटी ओढीत जिने चढण्याचे टळते. मिरजेला जाणाऱ्याने पुण्यात उतरून रिक्षा का करावी? ही वाट मला त्या स्नेह्यानेच कळवली होती. त्या उन्हाळ्यात इंग्लंडात रेल्वे कामगारांचे संप अधूनमधून चालू होते. माझ्या दिवशी संप नव्हता. असता तर मला तक्रार करता आली नसती!

बसस्थानकात पोहोचलो तेव्हा माझी ठरलेली बस गेली होती. 'कनेक्शन'च्या वाटेवर घालवलेला अर्धा तास असा वसूल झाला. पुढच्या बसचे तिकीट मागितले. कार्ड पुढे केले. यंत्राने ते नाकारले. पुन्हा केले, पुन्हा नाकारले. आपल्याकडे २०२० पासून नव्या कार्डावर परदेशातले व्यवहार मुळात बंद असतात, ते आपण बँकेला सांगून सुरू करून घ्यावे लागतात. मी कामगारांना नियम वाचून दाखवणारा मनुष्य. हा नियम मी वाचला नव्हता. मग मी ऐटीत खिशातून वीस पौंडांच्या दोन नोटा काढल्या. गावातल्या एका स्नेह्यांकडे त्यांच्या २०१२ च्या प्रवासातल्या शिल्लक होत्या, त्या त्यांनी मोठ्या प्रेमाने मला दिल्या होत्या. खिडकीतल्या माणसाने त्या हातातही घेतल्या नाहीत. वीस पौंडांची कागदी नोट २०२२ च्या सप्टेंबरअखेर चलनातून गेली. आता प्लॅस्टिकची चालते. फोन काढला, तर तो रात्रभर चालू राहून मेलेला. चार्जर होता, पण त्यांच्या भिंतीतली भोके चौकोनी आणि आपल्या पिना गोल.

पंचवीस वर्षे मी मालकांसमोर आवाज चढवून बोलत आलो आहे. त्या बाकावर मात्र मी पेटी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून बसलो आणि मला घशातून शब्द फुटेना. खुर्चीत बसताना बाईंनी मान खाली का घातली होती, ते मला तिथे समजले. सगळी जाग असते, पाय धड असतात, आणि तरी माणूस मुका होतो.

समोर एक साठीच्या घरातली पंजाबी बाई कचऱ्याची गाडी ढकलीत फरशी पुसत होती. दोनदा माझ्या बाकावरून गेली. तिसऱ्यांदा थांबून म्हणाली, "वीरजी, किथे जाना?" मी हिंदीत सारे सांगितले. तिने माझा चार्जर पाहिला, त्याची वायर पिनांपासून सोडवली आणि बाकाजवळच्या एका चपट्या भोकात ती नुसती वायर खोवून दिली. विमानतळावर वायफाय फुकट आहे, हेही तिनेच सांगितले. फोन जिवंत होताच मी डॉर्चेस्टरला निरोप धाडला. दहा मिनिटांत तिथल्या स्नेह्याने बसचे आणि आगगाडीचे तिकीट आपल्या पैशाने काढून माझ्या फोनवर पाठवले. इतके सोपे होते. ते मला का सुचले नाही, असे तुम्ही विचाराल. घाबरलेल्या माणसाला काही सुचत नाही, एवढेच उत्तर आहे.

मी टोलपडलला जातो आहे हे ऐकून ती बाई म्हणाली, तिची जाऊ २००५ साली विमानातले जेवण तयार करण्याच्या कामावर होती. ती हकीकत मी वाचली होती. त्या ऑगस्टमध्ये तिथल्या सुमारे ६७० कामगारांना, आणि त्यात बहुसंख्य साउथॉलच्या पंजाबी बायका, एका झटक्यात कामावरून काढले. पुष्कळांना ते कर्ण्यावरून ओरडून सांगितले. दुसऱ्या दिवशी विमानतळावरचे सामान उचलणारे कामगार त्यांच्यासाठी बाहेर पडले. अशी सहानुभूतीची संपकृती इंग्लंडच्या कायद्यात १९९० पासून बेकायदा आहे. तरी ते बाहेर पडले आणि लाखावर उतारू अडकले. पुढे तडजोड झाली. काही परत घेतले गेले, बरेच नाहीत. "जाऊबाई?" मी विचारले. तिने मान हलवली आणि गाडी ढकलीत पुढे गेली. ती परत घेतली गेली की नाही, हे त्या मान हलवण्यावरून मला आजही नक्की सांगता येत नाही.

आता त्या खुर्चीविषयी, कारण घरी गेल्यावर तुम्ही मला तेच विचारणार आहात. ही मदत तिथे कायद्याने फुकट आहे, आणि ज्याचे गुडघे दुखतात त्याने ती अवश्य मागावी. दोन नंबरच्या त्या बोगद्यातून चालणे खायचे काम नाही. परंतु खुर्च्या मोजक्या, ढकलणारे मोजके. ज्याचे पाय धड आहेत तो खुर्चीत बसला की खरा पांगळा दाराशी खोळंबतो. काही विमान कंपन्यांकडे नुसती सोबत देण्याची वेगळी सोय असते, तिला 'मीट अँड असिस्ट' म्हणतात. तिच्याविषयी मुलांना आधी विचारायला सांगा. बाईंना मी दोष देत नाही. त्या माझ्याआधी घरी पोहोचल्या, हे मी कबूल केलेच आहे.

बस तासाभरात वोकिंगला गेली, तिथून डॉर्चेस्टरला आगगाडीने सुमारे दोन तास. स्टेशनाबाहेर स्नेही मोटार घेऊन उभे होते. मेळ्याविषयी बोलण्याची आज वेळ नाही; चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत.

त्या वीस पौंडांच्या दोन नोटा मात्र अजून माझ्या कपाटात आहेत. बँक ऑफ इंग्लंड जुन्या नोटा आजही बदलून देते, फक्त लंडनला त्यांच्या खिडकीवर जावे लागते किंवा टपालाने पाठवाव्या लागतात. मी गेलो तेव्हा लंडनला गेलोच नाही. श्रोत्यांपैकी कोणी जाणार असेल तर व्याख्यान संपल्यावर मला भेटावे. ज्यांच्या त्या नोटा, ते स्नेही तिसऱ्या रांगेत बसले आहेत.